हातानं रंगवलेला जुना नकाशा घेताय? आधी रेघ वाचा, रंग मागाहून

आपल्या सीमाभागातल्या माणसापुढं कुठलाही जुना नकाशा पसरा, त्याचं बोट आधी सीमेवर जातं. बेळगाव कुठल्या रंगात आहे, निपाणी कुठल्या, खानापूर कुणाकडं. साहजिक आहे. पण हातानं रंगवलेल्या नकाशांत सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा तो नेमका रंगावर. रेघ तांब्यावर कोरलेली असते आणि शाईनं छापलेली असते. रंग मात्र नंतर कुणीतरी ब्रशनं भरलेला असतो. कधी त्याच छापखान्यात, कधी शंभर वर्षांनी, कधी गेल्या महिन्यात.

मी बरीच वर्षं असे नकाशे बघतोय, घेतोय, काही परतही केलेत. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूरकडची नवी मंडळी विचारायला येतात तेव्हा जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

१. कुठल्या काळाचा नकाशा हवा ते आधी ठरवा

‘जुना नकाशा हवा’ एवढंच म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार तुम्हाला हवं ते नाही, त्याला खपवायचं ते दाखवील.

सतराव्या शतकातले डच नकाशे दिसायला सगळ्यात देखणे. त्यांत जहाजं, हत्ती, कोपऱ्यात शीर्षकाची नक्षीदार चौकट. पण त्यांत बेळगाव शोधत बसू नका. गोवा, दाभोळ, वेंगुर्ला ठळक मिळतात, कारण युरोपच्या जहाजांना किनारा ठाऊक होता. वेंगुर्ल्यात तर १६३७ पासून डचांची वखारच होती. घाटावर आलं की विजापूर, ‘बालाघाट’ असं मोठ्या अक्षरांत, आणि मधे अंदाजानं मांडलेले डोंगर. अठराव्या शतकात गिलोम दलील या फ्रेंच भूगोलज्ञाचा मलबार-कोरोमंडल किनाऱ्यांचा १७२३ चा नकाशा आला आणि पुढची कित्येक वर्षं इतरांनी त्याच्याच नकला केल्या. इंग्रज मोजणीदार जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ चा. आपल्या भागातली गावं ओळखू येतील अशी गर्दीनं दिसायला लागतात ती एकोणिसाव्या शतकात, पेशवाई गेल्यावर आणि मोजणीदार साखळ्या घेऊन फिरल्यावर.

नवख्यानं एकोणिसाव्या शतकापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत. पैसे कमी गुंततात, गावं सापडतात, आणि नजर तयार होते.

२. घराणी ओळखा

हा भाग घाईत वाचू नका. नकाशाची तारीख, किंमत आणि खरेखोटेपणा यांतलं निम्मं उत्तर प्रकाशकाच्या नावात असतं, आणि हे प्रकाशक म्हणजे बहुतेक घरंच होती.

कोरलेली तांब्याची प्लेट हे या घराण्यांचं वतन. बापाकडून मुलाकडं, मुलगा नसेल तर जावयाकडं, मधल्या काळात विधवेच्या हाती, आणि घर बुडालं की लिलावात. प्लेट तीच राहायची; खालचं नाव घासून दुसरं कोरलं जायचं. म्हणून एकाच नकाशाचे तीन मालक तुम्हाला तीन दुकानांत भेटू शकतात.

अ‍ॅमस्टरडॅमचे होंडियस घ्या. योडोकस होंडियसनं १६०४ मध्ये आधीच्या पिढीतला नामवंत नकाशाकार मर्केटर याच्या प्लेटा विकत घेतल्या आणि १६०६ मध्ये स्वतःची भर घालून अ‍ॅटलास काढला. तो १६१२ ला वारला. पुढं बायको कोलेट, मुलं आणि जावई यान्सोनियस यांनी धंदा चालवला. १६२९ मध्ये धाकटा योडोकसही गेला, आणि त्याच्या बऱ्याच प्लेटा प्रतिस्पर्धी विलेम ब्लाउनं उचलल्या. ब्लाउनं होंडियसचं नाव काढून आपलं घातलं. तिथून या दोन घरांत जी चढाओढ लागली तिच्यामुळंच त्या शतकातले इतके अ‍ॅटलास निघाले. विलेमचा मुलगा योआन यानं १६६२ पासून मोठा अ‍ॅटलास काढला. त्याच्या फ्रेंच आवृत्तीला रंगाविना ३५० गिल्डर पडायचे, रंगासह ४५०. म्हणजे रंग हा तेव्हाही वेगळा मोजायचा जिन्नस होता, आणि कोरी प्रत घेणारे गिऱ्हाईकही होतेच. १६७२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या छापखान्याला आग लागली, पुढच्या वर्षाअखेर योआनही गेला आणि घराणं उतरणीला लागलं.

जर्मनीत न्यूरेम्बर्गचे होमान. योहान बाप्टिस्ट होमाननं १७०२ मध्ये दुकान थाटलं. मुलगा १७३० मध्ये तरुणपणीच वारला तेव्हा धंदा एका मित्राकडं आणि एका नातलगाकडं गेला, अट एवढीच की नाव होमानांचंच राहावं. म्हणून नंतरच्या नकाशांवर ‘होमानचे वारस’ असं दिसतं, आणि ही ‘वारसां’ची पेढी १८४८ पर्यंत चालली. दक्षिण हिंदुस्थानचा त्यांचा १७३३ चा नकाशा बाजारात बऱ्यापैकी फिरतो. तो दलीलवरून केलेला आहे. होमानच्याच हाताखाली शिकलेला सॉइटर ऑग्सबर्गला गेला, त्याचा जावई लॉटर.

फ्रान्समध्ये दलील स्वतः भूगोलज्ञ बापाचा मुलगा. त्याच्यामागं ब्यूआश, मग देझोश यांनी त्याच प्लेटा वापरल्या. दलीलचं नाव आणि देझोशचा पत्ता एकाच कागदावर असेल तर तो कागद दलीलच्या हयातीतला नाही.

आपल्या कामाची इंग्रज घराणी तीन-चार. आरन अ‍ॅरोस्मिथ, त्याची मुलं, आणि नंतर पुतण्या जॉन. जॉन आणि चार्ल्स वॉकर, ज्यांनी ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक’ संस्थेसाठी हिंदुस्थानचे नकाशे कोरले. या संस्थेच्या नकाशांखाली प्रकाशकाचं नाव बदलत जातं: बाल्डविन अँड क्रॅडॉक, चॅपमन अँड हॉल, चार्ल्स नाइट, शेवटी स्टॅनफर्ड. वर छापलेलं साल मात्र बऱ्याचदा तेच राहतं. टॅलिसचे १८५१ च्या आसपासचे नकाशे चित्रांच्या नक्षीमुळं लोकप्रिय आहेत. एडिंबराचं बार्थोलोम्यू घराणं १८२६ पासूनचं. पण त्यांचा हिंदुस्थानचा १८९३ चा हातअ‍ॅटलास रंगीत छपाईचा आहे, हातानं रंगवलेला नाही. तो ‘हँड कलर्ड’ म्हणून कुणी देऊ करत असेल तर नमस्कार करून निघा.

नकाशाच्या कडेला बारीक लॅटिन असतं. ‘एक्सकुडिट’च्या आधीचं नाव प्रकाशकाचं, ‘स्कल्प्सिट’च्या आधीचं कोरणाऱ्याचं, ‘डेलिनिआविट’च्या आधीचं रेखाटणाऱ्याचं. विक्रेता कधीकधी कोरणाऱ्यालाच प्रकाशक करून टाकतो.

३. सोबत काय न्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. आपल्याकडं सराफ वापरतात तेच. बेळगावच्या शहापुरात सहज मिळतं.
- नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा.
- साधा टॉर्च, कागदामागून धरायला.
- मोजपट्टी. प्लेटचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.
- फोनमध्ये त्याच नकाशाची खात्रीची प्रत. डेव्हिड रमसी यांचा नकाशासंग्रह आणि अमेरिकेचं काँग्रेस ग्रंथालय यांची पानं मोठ्या आकारात फुकट बघता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बार्थोलोम्यूंचं काम आहे.
- कोरडे, स्वच्छ हात. पान खाऊन नकाशा उलगडणारे मी पाहिलेत.

४. कागद आणि छाप

आधी पाठ बघा, तोंड नंतर. टॉर्च मागून धरला की अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या कागदात समांतर रेघांची जाळी दिसते. कागद ज्या तारांच्या चाळणीवर केला तिच्या त्या खुणा. सपाट, जाळी नसलेला कागद १७५७ च्या सुमारास आला आणि शतकाच्या अखेरीस रूढ झाला. म्हणजे जाळी नसलेल्या कागदावरचा ‘ब्लाउ’ हा ब्लाउ नव्हे.

अ‍ॅटलासमधल्या पानाला मधोमध घडी असते, आणि पाठीवर बऱ्याचदा मजकूर छापलेला असतो. ब्लाउंच्या पाठीवरची भाषा (लॅटिन, फ्रेंच, डच, जर्मन) पाहून आवृत्ती ठरवता येते. फ्रेम केलेला नकाशा तसाच, बाहेर न काढता विकत घेऊ नका. ‘काढला तर खराब होईल’ असं कुणी म्हणालं तर काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

भिंगातून रेघ बघा. तांब्यावरच्या कोरीव रेघेची शाई कागदावर किंचित उभी राहते. हलक्या बोटाला कळते. चारी बाजूंनी प्लेटच्या दाबाचा खोलगट काठ दिसतो. दोन सावधगिऱ्या. समास कापलेला असेल तर काठ दिसणार नाही, तेवढ्यानं नकाशा खोटा ठरत नाही. आणि उलट, नव्या छपाईवर असा काठ दाबून उठवणारेही असतात. भिंगाखाली रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर मात्र वाद संपला, ती अलीकडची छपाई. जांभळ्या दिव्यात कागद निळसर पांढरा चमकला तरी तेच. ती चमक आणणारी रसायनं कागदात विसाव्या शतकाच्या मध्यापासून पडायला लागली.

५. रंग तपासा

दुकानदाराचं ठरलेलं वाक्य असतं: ‘‘जुनं हाय की हो, रंग बगा किती ताजा!’’ ताजा रंग हीच तर पंचाईत.

सगळ्यात बोलका रंग हिरवा. जुना हिरवा तांब्याच्या जंगाचा, आणि तो कागद खातो. अडीच-तीनशे वर्षांत हिरव्या रेघेच्या बरोबर मागं, पाठीवर, तपकिरी डाग उमटतो. कधी तिथं कागद ठिसूळ होऊन चिरतो. पुढून हिरवा आणि मागून कोरा पांढरा असला तर रंग बहुतेक नंतरचा. एकोणिसाव्या शतकापर्यंत इतर हिरवे आले होते, म्हणून ही कसोटी त्या काळच्या नकाशांना लावू नका.

मग घड्या, फाटके काठ आणि कसरीची भोकं बघा. रंग घडीच्या भेगेत उतरलाय का? भोकाच्या कडेला साचलाय का? कागद फाटल्यावर रंग भरला असेल तरच असं होतं. मला ही कसोटी बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाची वाटते, कारण रंगारी कितीही हुशार असला तरी भेग त्याच्या ऐकण्यातली नसते.

घराण्याची सवयही माहीत हवी. होमान आणि सॉइटर प्रांत भरून रंगवायचे, पण कोपऱ्यातली नक्षीची चौकट बहुधा कोरीच सोडायचे. होमानची चौकट गुलाबी-सोनेरी झगझगत असेल तर विचारा, का. फ्रेंच नकाशांत साधारण फक्त सीमेच्या रेघेला रंग. दलीलच्या नकाशात सगळे मुलूख भरून रंगवलेले असतील तर शंका घ्या. टॅलिस, वॉकर यांच्याकडंही बऱ्याचदा सीमेपुरताच रंग असतो.

नंतर भरलेला रंग म्हणजे नकाशा खोटा, असं नाही. मूळ छापावर विसाव्या शतकात चांगल्या हातानं भरलेला रंग भिंतीवर सुंदर दिसतो. फक्त किंमत कोऱ्या प्रतीची द्यावी, आणि पावतीवर तसं लिहून घ्यावं.

६. रंगावरून सीमा वाचू नका

आता आपल्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडं. रंग भरणारी माणसं भूगोलज्ञ नव्हती. छापखान्यात रोजावर बसलेले कारागीर, अनेक ठिकाणी बायका आणि मुलं, समोर नमुन्याचं एक पान ठेवून तसाच रंग ओढत. सरहद्द बदलली तरी नमुना लगेच बदलेलच असं नव्हतं. चिकोडी आणि मनोळी १८१८ नंतर कोल्हापूरकरांकडं होते, १८२७ मध्ये इंग्रजांनी परत घेतले. त्या सुमाराच्या नकाशावर ते कुठल्या रंगात आहेत यावरून त्या साली तिथं अंमल कुणाचा होता हे ठरत नाही. रंगाऱ्याच्या पुढ्यात कुठलं पान होतं तेवढं ठरतं.

शहापूरचं उदाहरण तर आणखी छान. बेळगावला अगदी खेटून असलेलं शहापूर स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगली संस्थानात होतं. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात तिथं सीमेची ठिपकेदार रेघ कोरलेली सापडू शकते. लहान प्रमाणाच्या नकाशात तिथं ब्रश टेकवायलाच जागा नाही, म्हणून रंगाऱ्यानं सरसकट इंग्रजी मुलुखाचा गुलाबी ओढून दिलेला असतो. रेघ खरी, रंग सोयीचा.

सीमेच्या नावानं भाव चढवणारे विक्रेते दोन्ही बाजूंना भेटतात. ‘यात बेळगाव महाराष्ट्रात दाखवलंय’ म्हणणाऱ्याला आठवण द्या, की महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, तोवर बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं होतं, आणि त्याआधीच्या नकाशावर मुंबई इलाखा किंवा मुंबई राज्यच असणार. ‘बघा, कर्नाटक लिहिलंय’ म्हणणाऱ्याला सांगा, की राज्याला हे नाव १९७३ मध्ये मिळालं, आणि इंग्रजांच्या जुन्या नकाशातलं ‘कर्नाटिक’ बहुतेक अर्काटच्या बाजूला, पूर्व किनाऱ्याकडं पसरलेलं असतं. भाषावार सीमा या नकाशांत शोधायचीच नाही. त्या काळी ती कुणाच्या मनात नव्हती.

गावाची, शेताची, शिवेची खरी हद्द हवी असेल तर भूमापन खात्याचा गावनकाशा आणि उतारा काढा. जुनी कागदपत्रं हवी असतील तर मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारं गाठा, कारण १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबईकडं होता. त्यासाठी हातानं रंगवलेल्या नकाशावर पैसे घालू नका.

७. तारीख ठरवताना

छापलेलं साल हे प्लेट कोरल्याचं असू शकतं, कागद छापल्याचं असेलच असं नाही. म्हणून नकाशातल्या गोष्टींवरून पडताळा घ्या. बेळगाव स्वतंत्र जिल्हा दिसत असेल तर नकाशा १८३६ नंतरचा. त्याआधी तो धारवाडात होता. सातारा संस्थान म्हणून असेल तर माहिती १८४८ च्या आधीची. विजापूरऐवजी कलादगी जिल्हा दिसला तर साधारण १८८० च्या दशकाच्या मध्याआधीची. रेल्वे हा नाजूक पुरावा आहे. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ ची, पण जुन्या प्लेटवर रेल्वेची रेघ मागाहून सहज कोरता येते. ती रेघ नावांच्या अक्षरांवरून तशीच गेली असेल तर ती नंतरची भर.

गावांची इंग्रजी रूपं विचित्र दिसतील. कित्तूर, हुक्केरी, गोकाक मोठ्यानं वाचून बघा, म्हणजे सापडतील.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड १८८४ चा. अशा खंडांतले घडीचे नकाशे कापून, रंग फासून ‘दुर्मीळ’ म्हणून विकले जातात. पुस्तक मोडून काढलेला कागद मी तरी घेत नाही.

८. पावती, कायदा, कागदपत्रं

पावतीवर एवढं लिहून घ्या: प्रकाशकाचं नाव, अंदाजे साल, मूळ छाप की पुनर्मुद्रण, रंग त्या काळचा की नंतरचा, दुरुस्ती कुठं झाली आहे, आणि परत करायची मुदत. ‘जुना नकाशा, एक नग’ अशी पावती काही कामाची नाही. परदेशातून मागवत असाल तर कुरियरवाले आधार, पॅन मागतात. सीमाशुल्क किती पडेल ते पैसे भरण्याआधी त्यांच्याकडूनच लेखी विचारा.

कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलानिधी यांचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं-कागदपत्रं पंचाहत्तर वर्षांची झाली की, पुरावस्तूत मोडू शकतात. अशी वस्तू स्वतःहून देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पोस्टानं पाठवायची असेल तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड कार्यालयात विचारा. वाड्यातल्या पेटीत मोडी अक्षरांचा हातानं काढलेला नकाशा सापडला तर तो विकायची घाई नको. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा, नोंदणी लागते का ते विचारा.

सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं (बेळगावसाठी ४८ आय, निपाणी-चिकोडीसाठी ४७ एल या गटातली) रद्दीत येतात. ‘फक्त सरकारी वापरासाठी’ असा शिक्का असेल तर हात लावू नका.

९. घरी आणल्यावर

खानापूर-बेळगावचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. अथणीकडं कोरडं असल्यानं तिथल्या मंडळींना थोडी उसंत, पण वाळवी तिथंही आहेच.

झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की निघत नाही, आणि नकाशाची किंमत तिथंच संपते. सेलोटेप, फेव्हिकॉल दोन्ही वर्ज्य. फाटलेलं जोडायचं तर गव्हाच्या खळीनं आणि पातळ जपानी कागदानं, तेही जाणत्या माणसाकडून. हिरव्या रंगाजवळ पाणी अजिबात नेऊ नका.

फ्रेम करताना आम्लरहित पुठ्ठा मागा, काच आणि कागद यांत पुठ्ठ्याच्या चौकटीनं अंतर ठेवायला लावा, पाठीला प्लायवूड लावू देऊ नका. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसात ती ओल धरते. जूनच्या आधी उतरवून कपाटात आडवा ठेवला तर उत्तम, गुंडाळी करून नको. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात चालते. गणपती झाले की एखाद्या कोरड्या दिवशी बाहेर काढून, सावलीत, पाठीकडून भिंगानं कसर बघायची आणि बुरशीचा वास येतो का ते बघून मग परत टांगायचा.